फोर्टमधला स्टुडिओ आणि गळलेली आडनावं



फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तिथे 'द हेक्टिक्स' नावाच्या पोरांच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा, ही गोष्ट आपल्यापैकी प्रत्येकाला निदान चार वेळा तरी फॉरवर्ड होऊन आली असेल. गोष्ट खरी आहे, आणि अभिमान वाटायलाही हरकत नाही. पण रॉक संगीताच्या इतिहासातला आपला वाटा तेवढ्यावर संपत नाही. मला त्याहून जवळची वाटणारी एक गोष्ट मुंबईच्या फोर्ट भागात घडली. तिच्यात स्टार आपला नाही. आपली आहेत ती मागे सतरंजीवर बसून वाजवणारी माणसं. रॉकचे दर्दी आपल्यात बरेच आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

साल १९६८, जानेवारी महिना. फिरोजशहा मेहता रोडवर युनिव्हर्सल इन्शुरन्स बिल्डिंगमध्ये एचएमव्हीचा स्टुडिओ होता. तिथे बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन आला. मुंबई त्याला नवीन नव्हती. १९६५ साली बीटल्सच्या एका गाण्यात त्याने पहिल्यांदा सतार वाजवली, आणि १९६६ च्या सप्टेंबरात पंडित रविशंकरांकडे शिकायला तो मुंबईत येऊन राहिला होता. ताजमध्ये उतरताना त्याने 'सॅम वेल्स' असं खोटं नाव लावलं होतं. ते काही टिकलं नाही. बातमी फुटली, पोरापोरींची गर्दी झाली आणि शेवटी पत्रकार परिषद घेऊन 'मला शांतपणे शिकू द्या' असं सांगायची वेळ आली.

१९६८ मध्ये मात्र तो कामासाठी आला होता. जो मॅसॉट नावाच्या दिग्दर्शकाने त्याला 'वंडरवॉल' या सिनेमाचं पार्श्वसंगीत द्यायला सांगितलं होतं. हॅरिसनने आधी असं काम केलेलं नव्हतं. त्याची पद्धत अगदी साधी: सिनेमा बघायचा, हातात किल्लीचं स्टॉपवॉच धरायचं, कुठल्या प्रसंगाला किती सेकंद संगीत हवं ते वहीत लिहून ठेवायचं आणि तेवढ्या मापाचा तुकडा रचायचा. पाश्चात्त्य वाद्यांचा भाग लंडनला झाला. त्यात एरिक क्लॅप्टन होता, रिंगो स्टार होता. भारतीय भागासाठी त्याने मुंबई गाठली.

मुंबईच का? लंडनमध्ये तेव्हा सतार-तबला वाजवणारे मिळत होते. पण सनई, सूरबहार, संतूर, तारशहनाई, तबलातरंग, बासरी आणि सरोद हे सगळं एका खोलीत, आणि तेही सेकंदाच्या हिशोबात वाजवून देणारे लोक हवे असतील तर त्याला मुंबईशिवाय पर्याय नव्हता. आपल्या वादकांना ही सवय सिनेमाने लावली होती. रात्री मैफलीत तासभर आलाप करणारा माणूस सकाळी स्टुडिओत जाऊन दहा सेकंदांचा तुकडा चोख वाजवून येत असे. मैफल आणि रेकॉर्डिंग ही दोन वेगळी शास्त्रं आहेत, आणि मुंबईतल्या वादकांना दोन्ही येत होती.

स्टुडिओची अवस्था मात्र बीटल्सच्या तोलामोलाची नव्हती. आवाज पुरता अडवणाऱ्या भिंती नव्हत्या. हॅरिसनने पुढे सांगितलेली आठवण अशी, की साडेपाच वाजता इमारतीतली ऑफिसं सुटली की रेकॉर्डिंग थांबवावं लागायचं, कारण जिने उतरणाऱ्या कारकुनांच्या पावलांचा धाडधाड आवाज माइकमध्ये यायचा. (फोर्टमध्ये नोकरी करून साडेपाचच्या सुमारास चर्चगेट नाहीतर व्हीटीकडे पळालेल्यांना हा आवाज वेगळा समजावून सांगायला नको!) मशीनबद्दलच्या आठवणी जुळत नाहीत. हॅरिसनच्या मते तिथे एक जुनं, अवाढव्य मोनो यंत्र होतं. दुसरी एक आठवण अशी की ईएमआयचे भास्कर मेनन यांनी टू-ट्रॅक स्टीरिओ यंत्र थेट कलकत्त्याहून ट्रेनने आणवलं. यंत्र कुठलंही असो, आजच्यासारखे पन्नास ट्रॅक नव्हते. म्हणजे जे काही मिसळायचं ते वाजवतानाच. एकाचा स्वर हलला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून.

या भास्कर मेननांची एक गोष्ट जाता जाता सांगायलाच हवी. पुढे १९७१ साली हेच गृहस्थ अमेरिकेत कॅपिटॉल रेकॉर्ड्सचे प्रमुख झाले. पिंक फ्लॉइडचा 'डार्क साइड ऑफ द मून' १९७३ साली आला तेव्हा अमेरिकेत तो जोर लावून विकण्यामागे मेनन होते. त्याआधी अमेरिकेत पिंक फ्लॉइडच्या रेकॉर्ड्स यथातथाच खपत होत्या. आपल्यापैकी ज्यांच्या कपाटात तो काळा, त्रिकोणी प्रिझमवाला अल्बम आहे, त्यांनी पुढच्या वेळी एका मल्याळी मॅनेजरची आठवण काढावी.

असो. मूळ गोष्टीकडे येऊ.

हे काम चालू असतानाच हॅरिसनने सिनेमाशी संबंध नसलेलं एक जादा गाणं तिथे वाजवून घेतलं. ते 'द इनर लाइट'. केंब्रिजचे संस्कृतचे अभ्यासक हुआन मास्कारो यांनी त्याला 'ताओ ते चिंग' या चिनी ग्रंथातल्या एका भागाला चाल लावायला सुचवलं होतं. वाद्यांचा भाग फोर्टमध्ये झाला, आवाज फेब्रुवारीत लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत भरला गेला, आणि १५ मार्च १९६८ ला 'लेडी मॅडोना' या सिंगलच्या मागच्या बाजूला ते बाजारात आलं. हॅरिसनची रचना बीटल्सच्या सिंगलवर येण्याची ही पहिलीच वेळ. तबकडीवर नाव अर्थातच 'द बीटल्स'. आणि गंमत ही, की या गाण्यात एकही वाद्य बीटल्सपैकी कोणी वाजवलेलं नाही. हॅरिसन गातो, लेनन-मॅकार्टनी शेवटाकडे किंचित साथ देतात, बाकी सगळी मुंबई. बासरीवर तिशीच्या आतले हरिप्रसाद चौरसिया, सरोदवर आशिष खान, पखवाजावर महापुरुष मिश्र. लेबलवर त्यातलं कोणी नाही.

सिंगलच्या लेबलवर जागा किती असते, हा बचाव मला मान्य आहे. एलपीचं तसं नाही. 'वंडरवॉल म्युझिक' हा अल्बम १ नोव्हेंबर १९६८ ला आला. बीटल्सच्या अॅपल कंपनीचा हा पहिला अल्बम आणि कुठल्याही बीटलचा पहिला स्वतंत्र अल्बम. त्याच्या कव्हरवर हॅरिसनने भारतीय वादकांची नावं वाद्यांसकट छापली. हे त्याचं मोठेपण. त्या काळी असं फारसं कोणी करत नसे. त्या यादीत शिवकुमार शर्मा आहेत, तारशहनाईवर विनायक व्होरा आहेत, हार्मोनियम आणि तबलातरंगावर रिजराम देसाद आहेत, बासरीवर एस. आर. केंकरे आहेत. केंकरे म्हटल्यावर आपले कान टवकारतातच. आणि सूरबहारवर आहेत 'चंद्र शेखर'.

हे चंद्रशेखर म्हणजे चंद्रशेखर नारिंग्रेकर. नारिंग्रे गाव देवगड तालुक्यात आहे, कोकणातल्या मंडळींना माहीत असेल. ज्या रेकॉर्डवर त्यांनी वाजवलं ती जगभर गेली, पण नाव दोन तुकड्यांत आणि आडनावाशिवाय. नुसतं 'चंद्र शेखर' वाचून तो माणूस मराठी की बंगाली की तमिळ, हे कोणालाच कळणार नाही. आडनाव गळलं आणि आडनावाबरोबर अख्खं गाव गळलं.

हे वाचून कोणी म्हणेल, एका आडनावाचं काय एवढं घेऊन बसलात? म्हणून दुसरी दोन उदाहरणं देतो.

पहिलं लंडनचं. १९६७ चा 'सार्जंट पेपर' हा बीटल्सचा सगळ्यात गाजलेला अल्बम. त्यातलं हॅरिसनचं 'विदिन यू विदाउट यू' हे गाणं भारतीय वाद्यांवर उभं आहे. ती वाद्यं लंडनच्या 'एशियन म्युझिक सर्कल'मधल्या वादकांनी वाजवली. कव्हरवर त्यांची नावं नव्हती. अल्बमवर पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली गेली, कव्हरवरच्या प्रत्येक पुतळ्याची ओळख पटवली गेली, पण दिलरुबा कोणी वाजवला हे जगासमोर यायला २०१७ साल उजाडलं. म्हणजे पन्नास वर्षं! ती नावं अशी: दिलरुबावर अण्णा जोशी आणि अमृत गज्जर, तानपुऱ्यावर बुद्धदेव कंसारा, तबल्यावर नटवर सोनी. पन्नास वर्षं हे लोक नुसते 'भारतीय वादक' होते.

दुसरं पुन्हा मुंबईचं. १९७२ साली लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपली 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही दोन गाणी नव्याने रेकॉर्ड केली. त्या टेप्स वर्षानुवर्षं चोरट्या कॉप्यांच्या रूपात फिरत राहिल्या. अधिकृतपणे त्या २०१५ साली, 'कोडा' या अल्बमच्या वाढीव आवृत्तीत आल्या. कलाकार म्हणून नाव काय दिलंय? 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा'. माणसांच्या जागी शहराचं नाव! म्हणजे एखाद्या पुलावर 'बांधणारे: ठाणे जिल्हा' असं लिहावं तसं झालं.

पण नुसतं गोऱ्यांना नावं ठेवून चालणार नाही. आपल्या घरात काय चाललं होतं तेही बघू.

हिंदी सिनेमाचा ऑर्केस्ट्रा बराचसा गोव्याच्या खांद्यावर उभा होता. कारण सरळ आहे. पोर्तुगीज गोव्यात चर्चच्या शाळांमधून पोरांना स्टाफ नोटेशन शिकवलं जाई. मुंबईचे बहुतेक संगीतकार चाल गुणगुणून किंवा पेटीवर वाजवून सांगत. ती चाल पन्नास-साठ वादकांनी एकत्र वाजवायची तर कागदावर उतरवायला हवी, कुठे व्हायोलिन येणार, कुठे ट्रम्पेट थांबणार, हे ठरवायला हवं. ते काम अरेंजर करत. सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस अशी ही नावं. गाण्याच्या सुरुवातीचे जे सूर ऐकून आपण 'अरे, हे गाणं!' म्हणतो, त्यातले कितीतरी त्यांच्या कागदावर जुळले. सिनेमाच्या टायटल्समध्ये मात्र संगीतकाराच्या नावाखाली बारीक अक्षरात 'सहाय्यक'. शंकर-जयकिशनच्या टायटल्समध्ये तर नुसतं 'दत्ताराम, सेबॅस्टियन'. पुन्हा आडनावं गायब! दत्ताराम म्हणजे गोव्याचे दत्ताराम वाडकर, ज्यांच्या ढोलकीच्या ठेक्याला वादकमंडळी 'दत्ताराम ठेका' म्हणतात. ठेक्याला त्यांचं नाव वादकांनी दिलं. टायटल लिहिणाऱ्याला आडनावापुरतीही जागा मिळाली नाही.

अँथनी गोन्साल्विस यांची कथा तर सगळ्यांवर कडी आहे. माजोर्ड्याचा हा व्हायोलिनवादक. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. १९५८ साली मुंबईत सेंट झेवियर्सच्या प्रांगणात त्यांनी भारतीय रागांवर सिंफनी बसवून मोठ्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम केला, त्यात लताबाई आणि मन्ना डे गायले. पुढे ते सिनेमा सोडून अमेरिकेत शिकायला गेले, परत येऊन गोव्यात शांतपणे राहिले आणि २०१२ साली वारले. त्यांचं नाव घराघरांत पोचलं ते १९७७ साली 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यामुळे. प्यारेलालनी आपल्या गुरूची आठवण म्हणून ते नाव गाण्यात घातलं. अख्खा देश ते नाव गायला, आणि बहुतेकांना वाटलं की ते एका काल्पनिक पात्राचं नाव आहे. बाकीच्यांचं नाव गळलं. यांचं नाव राहिलं आणि माणूस गळला. अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला, तेव्हा कुठे नाव आणि माणूस पुन्हा जोडले गेले.

आता जरा वेगळ्या गल्लीत शिरतो. आपल्या ग्रुपमधल्या फँटसी वाचणाऱ्यांना 'थीव्ज वर्ल्ड' माहीत असेल. रॉबर्ट अॅस्प्रिन या संपादकाने १९७९ साली काढलेला कथासंग्रह. कल्पना अशी: 'सँक्च्युअरी' नावाचं एक बदनाम शहर सगळ्यांनी मिळून वापरायचं. प्रत्येक लेखकाने आपापलं पात्र आणायचं, पण गल्ल्या, गुत्ते, बाजार आणि राजवाडा सगळ्यांचे सामाईक. एकाच्या कथेतला चोर दुसऱ्याच्या कथेत येऊन दारू पिऊन जाणार. १९८९ पर्यंत या मालिकेचे बारा खंड निघाले. पुढे जॉर्ज मार्टिन यांनी १९८७ पासून 'वाइल्ड कार्ड्स' ही मालिका याच धर्तीवर चालवली.

आता बघा, हे आणि मुंबईचा रेकॉर्डिंग स्टुडिओ यात फरक काय? दोन्हीकडे एक सामाईक जग आहे. दोन्हीकडे अनेक हात आहेत. एकाने अर्धवट सोडलेली जागा दुसरा भरून काढतो. पण 'थीव्ज वर्ल्ड'मध्ये पहिल्यापासून नियम होते. दुसऱ्याचं पात्र वापरता येईल, पण त्याला विचारल्याशिवाय मारता येणार नाही. आणि प्रत्येक कथेवर लेखकाचं नाव. शहर सगळ्यांचं, पण सही ज्याची त्याची. स्टुडिओत नेमका हाच नियम नव्हता. तिथे दुसऱ्याचं पात्र न विचारता मारलं जात होतं, म्हणजे टायटलमधून, कव्हरवरून, लेबलवरून.

आणि हा नियम शोधायला अमेरिकेला जायची गरजही नव्हती. आपल्या वारकरी संतांनी सातशे वर्षांपूर्वी तो पाळला. विठ्ठल एकच, पंढरी एकच, चंद्रभागा एकच. सगळ्यांनी त्याच जगात रचना केल्या. पण शेवटच्या चरणात ज्याची त्याची नाममुद्रा. चोखोबांच्या घरात तर चोखोबा, सोयराबाई, बंका, निर्मळा, कर्ममेळा, सगळ्यांचे अभंग आहेत आणि प्रत्येकाचे स्वतःच्या नावाने. ज्यांना देवळाच्या आत प्रवेश नव्हता, त्यांची नावं आज आपल्याला माहीत आहेत, कारण त्यांनी ती रचनेच्या आतच विणून ठेवली होती. शाहिरांनीही पोवाड्यात तेच केलं. कव्हर फाटेल, लेबल निघेल, पण नाव गाण्यातच असेल तर ते काढणार कसं? अँथनी गोन्साल्विसांचं नाव टिकलं तेही याच युक्तीने.

हे सगळं कुवेतमध्ये बसून का आठवावं? एक तर या गावाचं संगीत आणि मुंबई यांचं नातं जुनं आहे. इथला 'सौत' हा गायनप्रकार, उदाच्या साथीवर, मिरवास नावाच्या छोट्या ढोलावर आणि टाळ्यांच्या गुंतागुंतीच्या ठेक्यावर चालणारा, आपण इथल्या समारंभांत ऐकतो. कुवेती सौतचा जनक मानला जातो तो एकोणिसाव्या शतकातला कवी-संगीतकार अब्दुल्ला अल-फरज. तो वाढला मुंबईत. वडील तिथले मोठे व्यापारी. संगीताचे धडेही त्याने तिथेच गिरवले आणि मग कुवेतला परतला. त्या काळी इथले मोती मुंबईच्या बाजारात जात, इथली गलबतं खजूर घेऊन तिकडे जात, आणि १९६१ साली दिनार येईपर्यंत इथे चलन रुपयाच होतं. म्हणजे बीटल्सच्या कितीतरी आधी संगीत शिकायला समुद्र ओलांडून मुंबईत राहिलेला माणूस कुवेती होता. फरक इतकाच, की कुवेतने त्याचं नाव जपलं.

दुसरं कारण आपल्या पोटापाण्याचं. आपल्यातले बरेचजण ड्रॉइंग्जवर जगतात. प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात टायटल ब्लॉक असतो: कोणी काढलं, कोणी तपासलं, कोणी मंजूर केलं. प्लांट कंपनीच्या नावाने ओळखला जातो, उद्घाटनाच्या फोटोत आपण नसतो, आणि त्याबद्दल आपली तक्रारही नसते. पण त्या कोपऱ्यात आपली दोन-तीन आद्याक्षरं असतात. वीस वर्षांनी कोणाला व्हॉल्व्ह बदलायचा झाला, तर तो ते ड्रॉइंग उघडतो आणि त्याला कळतं की हे कोणीतरी डोकं लावून केलेलं आहे. नारिंग्रेकरांना, दत्तारामना, अण्णा जोशींना हवं असेल तर एवढंच. स्टेजवर पुढची खुर्ची नको, फक्त टायटल ब्लॉक.

आता तर एलपीचं कव्हरही हातात राहिलेलं नाही. फोनवर गाणं लावलं की गायकाचं नाव दिसतं, फार तर संगीतकाराचं. 'वंडरवॉल'च्या मागच्या बाजूची ती यादी शोधून वाचावी लागते. तेव्हा मंडळी, एक विनंती. तुमच्यापैकी कोणाचे वडील, काका, मामा, शेजारी मुंबईच्या स्टुडिओंमध्ये, आकाशवाणीत, नाटकांत किंवा बँडमध्ये वाजवत असतील, तर त्यांना पुढच्या सुट्टीत गाठा. गोव्याकडच्या मंडळींना तर खास सांगणं आहे. कुठल्या गाण्यात कोणी काय वाजवलं ते विचारा आणि लिहून काढा. गाणं, वर्ष, वाद्य, आणि पूर्ण नाव. आडनावासकट. शक्य असेल तर गावासकट.

एवढं बोलून थांबतो. 'द इनर लाइट' ज्यांनी ऐकलं नसेल त्यांनी जरूर ऐका. 'वंडरवॉल म्युझिक'च्या २०१४ च्या आवृत्तीत त्याचा फक्त वाद्यांचा एक वेगळा टेकही आहे. त्यात गायक नाही, म्हणजे ऐकायला नुसती फोर्टमधली ती खोली आहे.